थ्री-नॉट-थ्री की मोसिन? युद्धकाळातील स्नायपर खेळांत रायफल निवडताना

दुसऱ्या महायुद्धावर बेतलेला स्नायपर, म्हणजे लपून लांबून अचूक नेम साधणाऱ्या सैनिकाचा, खेळ सुरू केला की सुरुवातीलाच रायफलींची यादी समोर येते आणि प्रत्येक नावापुढे लहानमोठ्या पट्ट्या दिसतात. मारा किती, गोळीचा वेग किती, हात किती स्थिर राहतो, एका मिनिटात किती बार निघतात, अशी ती मोजमापे असतात. गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची भावंडे रत्नागिरी-चिपळूणकडच्या घरी येऊन एकाच संगणकाभोवती जमतात, तेव्हा वाद बहुधा या पट्ट्यांवरूनच होतो, आणि ज्या रायफलीची पट्टी सर्वांत लांब ती घ्यावी असा निकाल लागतो. माझे म्हणणे असे की पट्ट्या सर्वांत शेवटी पाहाव्यात. आपण खेळत आहोत त्या खेळाने कोणते वास्तव पाळले आहे आणि कोणते सोडले आहे, हे आधी ओळखावे, कारण ज्या खेळात गोळी वाऱ्याने हलत नाही आणि अंतराने खाली येत नाही, तिथे दोन रायफलींमधला बराचसा फरक केवळ दिसण्यापुरता उरतो.

गोळीचा प्रवास

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिलेली असते. रानडुक्कर आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी ती असते आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र आतल्या बाजूने वळत जाणारे आटे कोरलेले असतात, त्यामुळे बाहेर पडणारी गोळी स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरत राहते, तिचे टोक पुढेच राहते आणि ती डळमळत नाही. ठासणीच्या बंदुकीचा नेम जिथे पन्नास-साठ पावलांवर बेभरवशाचा होऊ लागतो, तिथे रायफल कित्येक पट लांबचे लक्ष्य गाठते ती या आट्यांमुळे.

तरीही रायफलीची गोळी सरळ रेषेत जात नाही. नळी सोडताच गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते आणि हवा तिचा वेग कमी करू लागते. सोव्हिएत मोसिन-नागान 1891/30 या रायफलीची गोळी सेकंदाला साधारण 860 मीटर वेगाने निघते, पण 400 मीटरवर पोहोचायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, कारण वाटेत तिचा वेग बराच घटलेला असतो. रायफलीवरची दुर्बीण 100 मीटरसाठी जुळवलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागत असेल, आणि लक्ष्य 400 मीटरवर असेल, तर अशा जातीची गोळी नेमापेक्षा एक मीटरहून अधिक खाली लागते, म्हणजे छातीवर धरलेला नेम गुडघ्याच्या आसपास उतरतो. उलट दुर्बीण 400 मीटरसाठी जुळवून 200 मीटरवरच्या माणसावर नेम धरला, तर गोळी सुमारे 40 सेंटीमीटर वर जाते. अंतर जितके जास्त तितके वर धरा, हा नियम नवख्या खेळाडूला लवकर समजतो. जवळच्या लक्ष्यासाठी खाली धरावे लागते, हे त्याला बहुधा नेम दोन-चारदा डोक्यावरून गेल्यावर पटते.

चालत्या लक्ष्याचा हिशेबही याच अर्ध्या सेकंदात आहे. माणूस रमत चालला तरी सेकंदाला दीड मीटर पुढे जातो, म्हणजे 400 मीटरवरची गोळी पोहोचेपर्यंत तो जवळपास 90 सेंटीमीटर सरकलेला असतो आणि नेम त्याच्यापुढे तेवढ्या मोकळ्या जागेत धरावा लागतो. गोळीचा वेग दाखवणारी पट्टी उपयोगी ठरते ती इथे, कारण वेग जितका जास्त तितका हा अंदाज चुकण्याचा वाव कमी. ज्या खेळात चाप ओढताक्षणी निकाल लागतो, तिथे मात्र ही पट्टी निरर्थक आहे.

असे खेळ आहेत, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. जुन्या पद्धतीत संगणक नळीपासून लक्ष्यापर्यंत एक सरळ रेषा आखतो, त्या रेषेत जे पहिले येईल त्याला गोळी लागली असे मानतो आणि काम संपवतो. वेळ जात नाही, गोळी पडत नाही. दुसऱ्या पद्धतीत गोळी ही एक स्वतंत्र वस्तू असते आणि पडद्यावरचे चित्र बदलेल तशी ती पुढे सरकते. सेकंदाला 60 चित्रे धरली, तर 850 मीटर वेगाची गोळी दोन चित्रांच्या मध्ये 14 मीटर जाते, त्यामुळे ती कुठे आहे एवढेच तपासले तर ती भिंतीतून आरपार निसटेल. म्हणून मधला प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो. हा हिशेब संगणकावर अधिक भार टाकतो, पण त्याच्याशिवाय स्नायपर खेळाला अर्थ नाही, असे मी ठामपणे म्हणेन. आपला खेळ कोणत्या पद्धतीचा आहे हे कळायला सोपी कसोटी आहे. लांबच्या भिंतीवर गोळी झाडावी आणि धूळ उडायला वेळ लागतो का, व ती नेमाच्या खाली उडते का, ते पाहावे.

वारा आणि अंतर

वाऱ्याच्या बाबतीत किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला खरे तर आयते शिक्षण मिळालेले असते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारा खारा वारा आणि रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा त्याला माहीत असतो. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णेच्या बंदरात उभे राहून पाहिले तर नांगरलेल्या होड्यांच्या काठ्यांवरचे बावटे एका दिशेने ताठ उभे असतात, आणि त्याच वेळी टेकडीच्या आडोशाला असलेल्या माडांच्या झावळ्या जेमतेम हलत असतात. नेमबाजाची अडचण हुबेहूब हीच आहे. त्याच्या गालाला लागणारा वारा, गोळीच्या वाटेवरचा वारा आणि लक्ष्याजवळचा वारा हे तीन निरनिराळे असू शकतात. बाजूने येणारा सेकंदाला साडेचार मीटर वेगाचा वारा, म्हणजे झावळ्या चांगल्या हलवणारा पण वादळी नसलेला वारा, 400 मीटरवर या रायफलींच्या गोळीला एक फुटाहून अधिक बाजूला ढकलतो. बहुतेक खेळ संपूर्ण मैदानावर एकच वारा धरतात आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात बाणाने दाखवतात. ती सूचना बंद करून धूर, गवत आणि वाळत घातलेले कपडे पाहून वारा ओळखायला लावणारा खेळ मला अधिक प्रामाणिक वाटतो.

उन्हाळ्यात सड्यावरच्या तापलेल्या कातळावर झळा उठतात. त्या सरळ वर जात असतील तर वारा नाही किंवा तो समोरून वा पाठीमागून आहे, आणि त्या एका अंगाला कलल्या असतील तर वारा त्या दिशेने वाहत आहे, असे प्रत्यक्षातले नेमबाज दुर्बिणीतून वाचतात. दमट हवेबद्दल मात्र एक गैरसमज आहे. दमट हवा जड वाटते, म्हणून ती गोळीला जास्त अडवेल असे मानले जाते. वस्तुतः पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि 400 मीटरच्या अंतरावर हा फरक लक्षात घेण्याजोगा नसतो. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणामही गणतो, असे काही खेळ मिरवतात, त्यालाही या अंतरावर फारसे महत्त्व देऊ नये.

अंतर ओळखणे त्याहून अवघड आहे. दाभोळच्या जेटीवरून खाडीपलीकडे धोपाव्याच्या जेटीवरची माणसे पाहिली की ती असतात त्यापेक्षा जवळ भासतात, कारण मध्ये नुसते पाणी असते आणि नजरेला टप्पे मोजायला झाड, घर, गडगा असे काहीच मिळत नाही. दरीपलीकडचे लक्ष्यही असेच फसवते. सैनिक यावर दुर्बिणीतल्या खुणांचा उपाय करतात. मिल नावाचे कोनाचे एक माप आहे; एक मिल म्हणजे 1000 मीटरवर एक मीटर. उभा माणूस 1.7 मीटर उंच धरला आणि दुर्बिणीत तो चार मिल उंच दिसला, तर 1.7 ला 1000 ने गुणून चारने भागावे, अंतर 425 मीटर येते. खेळातल्या दारांच्या, गाड्यांच्या आणि माणसांच्या उंची खऱ्या मापाच्या असतील तर हा हिशेब तिथेही लागू पडतो, आणि तो लागू पडला की त्या खेळाच्या कारागिरांबद्दल आदर वाटतो.

हातात कोणती घ्यावी

ब्रिटिश ली-एन्फिल्ड क्रमांक 4 मार्क 1 टी ही आपल्याकडच्या वाचकाला नात्याने सर्वांत जवळची आहे, कारण पोलीस ठाण्याच्या पहाऱ्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री त्याच घराण्यातली, आणि तिचे भारतीय उत्पादन बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात होत असे. स्नायपरसाठीची रायफल निवडक बंदुकांतून तयार केली जाई. नेमाला उत्तम ठरलेल्या बंदुकांवर लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे साडेतीन पट दाखवणारी दुर्बीण बसवली जात असे. तिच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, दहा गोळ्या मावतात आणि तिचा बोल्ट, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने मागेपुढे करून पुढची गोळी नळीत चढवायचा दांडा, थोडक्या हालचालीत फिरतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश सैनिकाकडून 300 यार्डांवर मिनिटाला नेम धरून पंधरा बार काढण्याची अपेक्षा असे, ती या बोल्टच्या बळावर. गोळीचा वेग मात्र सेकंदाला 745 मीटरच्या आसपास, म्हणजे मोसिनपेक्षा कमी, त्यामुळे लांबच्या लक्ष्यासाठी अधिक वर धरावे लागते. एकामागोमाग दोन-तीन लक्ष्ये समोर येतात अशा खेळात मी हीच घेईन.

मोसिन-नागानमध्ये पाच गोळ्या बसतात. तिच्या स्नायपर आवृत्तीचा बोल्ट खाली वाकवलेला असतो, नाहीतर तो उघडताना दुर्बिणीला आपटेल. पीयू नावाची तिची दुर्बीण साडेतीन पट दाखवते आणि बांधणीला साधी व मजबूत आहे. जर्मन काराबिनर 98के हीदेखील पाच गोळ्यांची. तिच्यावर बहुधा चार पट दाखवणारी दुर्बीण असे, पण झेडएफ 41 नावाची एक लहान दुर्बीण दीड पटच दाखवते आणि नळीवर बरीच पुढे बसवलेली असते. ती दुर्बीण खेळात दिसली तर नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकन स्प्रिंगफिल्ड एम 1903 ए 4 ची गोळी वेगवान आणि रायफल अचूक आहे, तिची दुर्बीण मात्र अडीच पटीच्या आतबाहेरची, आजच्या खेळाडूला तोकडी वाटेल अशी. खेळात याच रायफलींवर आठ किंवा त्याहून अधिक पटीची दुर्बीण चढवता येते, तेव्हा बंदूक 1943 ची राहते आणि डोळा आजचा होतो. दीड किलोमीटरवरचे बार मग सहज वाटू लागतात. प्रत्यक्षात चार पटीच्या काचेतून त्या अंतरावरचा माणूस म्हणजे जेमतेम हलणारा ठिपका असतो, आणि त्या काळच्या स्नायपरचे बहुतेक काम 400 मीटरच्या आतबाहेरच चाले.

एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोसिन, काराबिनर आणि स्प्रिंगफिल्ड या बिनदुर्बिणीच्या साध्या रायफली वरून, धातूच्या पट्टीत अडकवलेल्या पाच गोळ्या एका दाबात सरकवून भरल्या जातात. दुर्बीण नेमकी त्या जागेवर आडवी आली की पट्टी लागत नाही आणि एकेक गोळी बोटाने भरावी लागते. खेळातील पात्र दुर्बिणीखाली एकेक काडतूस सरकवत असेल तर निर्मात्यांनी खरी बंदूक हाताळून पाहिली आहे, असे समजायला हरकत नाही. भरण्याला लागणारे ते आठ-दहा सेकंद खेळाडूला चुकलेल्या बाराची किंमत शिकवतात.

आपोआप पुढची गोळी चढवणाऱ्या रायफलींचा मोह सर्वांना होतो. जर्मन गेवेर 43, सोव्हिएत एसव्हीटी-40 आणि अमेरिकन गॅरंड यांत प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढावा लागत नाही, त्यामुळे नजर दुर्बिणीवरून हलत नाही. कागदावर हा फायदा निर्विवाद आहे. इतिहासाने मात्र वेगळा कौल दिला. एसव्हीटी-40 स्नायपरच्या कामाला पुरेशी अचूक ठरली नाही, म्हणून सोव्हिएत कारखान्यांनी 1942 मध्ये पुन्हा दुर्बिणीची मोसिन बनवायला घेतली. गॅरंडमध्ये आठ गोळ्यांचा संच वरूनच भरावा लागत असल्याने दुर्बीण मध्यभागी बसवता येईना, ती डावीकडे सरकवावी लागली आणि नेमबाजाला गाल तिरका टेकवावा लागला. या बंदुकांचा नेम बोल्टच्या बंदुकीइतकाच पक्का दाखवणारा खेळ तुम्हाला फायदा देतो, पण रायफल निवडण्यातली खरी ओढाताण काढून घेतो.

आवाज दाबणाऱ्या नळकांड्याबद्दल थोडक्यात सांगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर आहे आणि वरील सर्व गोळ्या त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने निघतात. नळीच्या तोंडाचा धमाका दाबता येतो, गोळी हवा चिरत जाते तेव्हा होणारा कडाका दाबता येत नाही. म्हणून ब्रिटिशांनी डी लिझल कार्बाइन बनवली तेव्हा तिला मुळातच संथ, पिस्तुलाची गोळी दिली. ती विलक्षण शांत होती, पण लांबच्या माऱ्याची नव्हती. स्नायपर एलिट या खेळमालिकेतली युक्ती मला त्यामुळे अधिक पटते: विमान डोक्यावरून जाताना, तोफ धडाडताना किंवा घंटा वाजताना बार काढायचा, म्हणजे आवाज आवाजात मिसळतो.

वास्तवाचे वजन

खेळ वास्तवदर्शी आहे की नाही, हा प्रश्न असा एकगठ्ठा विचारला तर उत्तर मिळत नाही. गोळीचे वास्तव, बंदूक हाताळण्याचे वास्तव, वेळेचे वास्तव आणि मरणाचे वास्तव ही वेगवेगळी आहेत, आणि एक पाळणारा खेळ दुसरे सर्रास मोडतो. ब्रिटनच्या रिबेलियन कंपनीची स्नायपर एलिट मालिका गोळीच्या बाबतीत बरीच काटेकोर आहे, पण तिचा नायक एकटाच शत्रूच्या तळात शिरून शेकडो सैनिकांना लोळवतो. रेड ऑर्केस्ट्रा 2 मध्ये, जो 2011 मध्ये आला आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर आहे, पडद्यावर नेमाची खूण नसते आणि डोक्यावरून गोळ्या जाऊ लागल्या की दृष्टी व हात दोन्ही बिघडतात. हेल लेट लूजमध्ये स्नायपर एकटा नसतो, त्याच्यासोबत टेहळणी करणारा साथीदार असतो, आणि लागलेली एक गोळी बहुधा पुरेशी होते. चित्र कमी झगमगीत असले तरी वेळेचे आणि भीतीचे वास्तव मला या शेवटच्या दोघांत अधिक दिसते.

श्वास रोखण्याची सोय घ्या. नेमबाज श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विरामात, दोन-तीन सेकंदांत चाप ओढतो. स्नायपर एलिटमधील एम्प्टी लंग ही सोय तिथूनच आली आहे. पण खेळ त्या क्षणी काळ मंद करतो आणि गोळी कुठे लागेल ते लाल खुणेने दाखवतो, त्यामुळे वर सांगितलेला वाऱ्याचा आणि अंतराचा सगळा अभ्यास खेळाडूच्या वतीने संगणकच करून टाकतो. याच मालिकेत 2012 पासून क्ष-किरणासारखे दृश्य येते, ज्यात गोळी शरीरात शिरून हाडे आणि अवयव फोडताना दिसते. या दृश्यात तपशील सर्वांत जास्त आहे, आणि माझ्या मते सत्य सर्वांत कमी. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. त्याला एक माणूस खाली पडलेला दिसतो, तोही दिसलाच तर.

या मालिकेचा चौथा भाग 1943 च्या इटलीत घडतो. त्या मोहिमेत आपल्या किनाऱ्यावरची माणसे प्रत्यक्ष होती. माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे नाईक या लष्करी हुद्द्यावर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेतली, हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, टॉमीगन या हातातल्या स्वयंचलित बंदुकीने एकाला मारले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही हे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडले. ठाणे हाती आले, आणि त्याच ठाण्यात शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांना छातीत व पाठीत लागल्या. ते 22 वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. खेळात आपण नेहमी दुर्बिणीच्या काचेमागे असतो. ज्या खेळात शत्रूचाही स्नायपर असतो, तो दिसण्याआधी त्याची गोळी येते, आणि 400 मीटरवरून बाराचा आवाज गोळीच्या मागाहून अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरा पोहोचतो, तो खेळ या घटनेच्या थोडा जवळ जातो, आणि मी त्याला पट्ट्यांच्या लांबीहून कितीतरी जास्त गुण देतो.

सेटिंग लावताना

सर्वांत कठीण पातळी पहिल्याच दिवशी निवडणे व्यर्थ आहे, कारण नेम का चुकला हे कळायला मार्ग राहत नाही. आधी वारा बंद आणि गोळीचे पडणे चालू ठेवावे, लाल खूण बंद करावी, आणि बोल्टची एकच रायफल घेऊन 100, 200 आणि 300 मीटरवर तिची सवय करावी. रायफल सतत बदलली तर हाताला कोणत्याच गोळीचा वेग समजत नाही. ती सवय झाली की वारा चालू करावा, आणि सर्वांत शेवटी नकाशा व शत्रूंच्या खुणा काढाव्यात. दुर्बीण मोठी मिळत असली तरी चार पटीच्या आसपासच ठेवावी. आजूबाजूचे मैदान दिसते आणि लपायला जागा शोधता येते. संगणक जुना असेल तर सावल्या आणि गवताचा दर्जा उतरवावा, पण सेकंदाला मिळणारी चित्रे 60 च्या खाली जाऊ देऊ नयेत, कारण चित्र अडखळले की चालत्या लक्ष्यापुढे धरलेला नेम हमखास फसतो. घरात लहान मुले बसून पाहत असतील तर ते क्ष-किरणाचे दृश्य सेटिंगमधून बंद करता येते, आणि गोळीच्या हिशेबात त्याने काहीही कमी होत नाही.